हक आणि एहसान

माझे वडील चोवीस वर्षे फौजेत होते. १९७४ साली भरती झाले आणि १९९८ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून केली. सातारा जिल्ह्यात फौजी माणसाचे कौतुक नवे नाही, पण आमच्या मोहल्ल्यात फौजेतून पेन्शनवर आलेले ते एकटेच. त्यामुळे २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला गावच्या शाळेत झेंड्याजवळ अब्बांची खुर्ची ठरलेली असते. अब्बा त्याविषयी काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी पहाटेच उठून बुटांना पॉलिश करतात.

२०२२ साली एका लष्करी रुग्णालयात त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला आणि ठणकू लागला. आम्ही माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. "ऑपरेशननंतर असे होते, थेंब चालू ठेवा," असे सांगितले गेले. पाचव्या दिवशी पुन्हा गेलो. गोळ्या बदलून मिळाल्या. सहाव्या दिवशी अब्बा म्हणाले, "खिडकी दिसत नाही." तेव्हा कुठे मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले. तिथे जंतुसंसर्ग झाल्याचे कळले, दुसरे ऑपरेशन झाले, पण नजर परत आली नाही.

ऑपरेशननंतर डोळ्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. चांगल्या हाताखालीही होतो, आणि तो झाला म्हणजे डॉक्टरने गुन्हा केला असे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ सालच्या जेकब मॅथ्यू खटल्यात हेच सांगितले आहे. उपचाराला यश आले नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी घेतली होती का, हे पाहायचे असते. आमचा प्रश्नही तेवढाच होता. ताज्या ऑपरेशनचा डोळा ठणकतो आहे, नजर अंधुक होते आहे, असे सांगणाऱ्या माणसाचा डोळा तीन दिवस कोणी यंत्राखाली का पाहिला नाही?

हा प्रश्न लेखी विचारायचा असे मी म्हणाले, तेव्हा घरात शांतता पसरली. चाचा म्हणाले, "फौज पे केस? अपन ने?" त्यांच्या या "अपन ने" शब्दांत सगळे आले. दुसऱ्या कोणी केस केली तर ती केस असते, आपण केली तर लोक तिला वेगळे नाव देतील, ही ती भीती. ही भीती वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मामू म्हणाले, "जो नसीब में था." अम्मीचे म्हणणे तर अगदी साधे होते. ज्यांनी आयुष्यभर पगार दिला, आज पेन्शन देतात, मोफत औषध देतात, त्यांच्याशी भांडायचे कसे?

मी उर्दू शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना शब्दांचे अर्थ सांगताना 'हक' आणि 'एहसान' हे दोन शब्द मी नेहमी शेजारी लिहिते. एहसान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, त्याचे आभार मानायचे असतात. हक मागताना मान खाली घालावी लागत नाही. अम्मी उपचाराला एहसान समजत होती. माझ्या मते तो हक होता, पण माझ्या मताला कायद्यात किंमत काय, हे मला शोधावे लागले.

शोधताना कळले की न्यायालयांनीही हा फरक केलेला आहे. १९९५ सालच्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र जिथे प्रत्येकावर पूर्ण मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्यातून वगळली. मग नोकरीच्या नियमानुसार ज्याला मोफत उपचार मिळतात त्याचे काय? मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की असा उपचार हा नोकरीच्या अटींचाच भाग आहे, त्याला फुकट म्हणता येत नाही. त्याची किंमत कर्मचाऱ्याने श्रमातून मोजलेली असते. माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. तिच्या नावातच 'अंशदायी' हा शब्द आहे. अब्बांनी वर्गणी भरून तिचे कार्ड घेतले होते. वर्गणीची पावती अम्मीनेच लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. ती पावती मी तिच्या हातात दिली, तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असेल तिथे दिवाणी न्यायालय आहे. त्याचे उदाहरण मराठवाड्यातलेच आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेलसारखा कपडा राहून गेला. काही दिवसांतच ती गेली. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयात ते हरले आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम काम नव्हे, म्हणून तिथल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला टाळता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. न्याय मिळाला, पण बत्तीस वर्षांनी. ज्या मुलांची आई गेली ती तोवर प्रौढ झाली होती.

हे सगळे रेल्वेचे आणि नागरी रुग्णालयाचे झाले. फौजेचे काय, हा चाचांचा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर २०२३ साली मिळाले. २००२ साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळी हवाई दलातील एक जवान जम्मूकडे सांबा येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाला. तिथे त्याला रक्ताची एक बाटली चढवली गेली. बारा वर्षांनी, २०१४ साली, तो आजारी पडला आणि त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निघाले. फौजेच्याच वैद्यकीय मंडळाने ही लागण त्या रक्तातून झाल्याचे लिहिले. तरीही जबाबदारी कोणी घेईना. स्वतःच्याच उपचाराच्या कागदांसाठी त्याला माहिती अधिकारात अर्ज करावे लागले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो निर्णय फिरवला. काही गोष्टी स्वतःच बोलतात, तिथे तज्ज्ञ आणण्याचा बोजा रुग्णावर टाकता येत नाही, असे ठरवून हवाई दल आणि लष्कर या दोघांनाही जबाबदार धरले आणि १,५४,७३,००० रुपये भरपाई देण्यास सांगितले.

ही बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हमारे वक्त में गाडी ठुकी तो कोर्ट ऑफ इन्क्वायरी होती थी. कौन चला रहा था, ब्रेक कब देखा था, सब लिखा जाता था. ट्रक का हिसाब होता है, तो आँख का क्यों नहीं?"

चाचांच्या भीतीला इतके चांगले उत्तर मला सुचले नसते. हिशेब मागणे फौजेच्या विरुद्ध आहे, असे आम्ही समजत होतो. हिशेब देणे ही फौजेचीच रीत आहे, असे अब्बा चोवीस वर्षांच्या नोकरीवरून सांगत होते.

मग आम्ही कागदांच्या मागे लागलो. रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाईकाने मागणी केल्यास ७२ तासांत उपचाराचे कागद द्यावेत, असे डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या नियमांत आहे. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसरा अर्ज माहिती अधिकारात केला, तेव्हा कागद आले. पॉलिक्लिनिकच्या दोन्ही तारखांना औषधांची नावे होती. नजर मोजल्याची किंवा डोळा तपासल्याची नोंद नव्हती. आमची सगळी बाजू त्या दोन रिकाम्या ओळींवर उभी आहे.

२०१९ सालचा ग्राहक कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आमची तक्रार २०२४ साली मुदतीच्या आत दाखल झाली. सही करताना अब्बांनी पहिले पान पुन्हा वर घेतले. त्यावर त्यांचे नाव होते, मग 'विरुद्ध', आणि खाली 'भारत सरकार'. त्यांचा हात थांबला. वकीलसाहेबांनी समजावले की विरुद्ध म्हणजे कोर्टात समोरच्या बाजूला बसणारा, एवढाच अर्थ आहे. अब्बांनी सही केली. उर्दूत केली, फौजेच्या पगाराच्या रजिस्टरवर करत तशीच.

तारखा पडत आहेत. समोरच्या बाजूचे म्हणणे आहे की हा ऑपरेशननंतरचा ज्ञात धोका होता. ते मांडण्याचा त्यांना हक आहे. आमची मागणी पैशांची आहेच, त्यात संकोच कशाला? एका डोळ्याने माणसाचे काय काय जाते याचा हिशेब कायद्याला पैशांतच करता येतो. पण अब्बांना आणखी एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्यांनी वकिलांकडून तक्रारीत लिहून घेतली आहे. ऑपरेशननंतर डोळा दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाची त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातून एक विधवा बाई माझ्याकडे आल्या. त्यांचे पती सुभेदार होते. रुग्णालयात काय झाले ते त्यांना कळले नव्हते, आणि विचारायला त्या भीत होत्या. मी त्यांना केस करा असे सांगितले नाही. आधी कागद मागा, तारखा एका वहीत लिहा आणि दोन वर्षे संपण्याआधी कोणाला तरी दाखवा, एवढेच सांगितले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही सांगितले. त्यांनी विचारले, "कागद मागितले तर पेन्शन बंद होईल का हो?"

नाही होणार, बाई. पेन्शन हाही हकच आहे.