डिकीतलं तळं

ब्रेक दाबला की मागून 'डुबुक' असा आवाज यायचा. आधी वाटलं, मुलाची पाण्याची बाटली लवंडली असेल. मग एकदा सामान ठेवायला डिकी उघडली, खालचा गालिचा ओलसर लागला म्हणून उचलून बघितलं, तर स्टेपनी अर्धी पाण्यात! वर एक भिजलेली पावती तरंगत होती. मासे तेवढे सोडायचे बाकी होते.

गाडीबद्दल आधी सांगते. २००३ सालची, सेकंडहँड, गडद निळी, दोनच सीटची आणि कापडी टपाची. स्वतःच्या पगारातून, कोणाचंही न ऐकता घेतलेली. नवरा तिला टांगा म्हणतो. 'मँचेस्टरमध्ये टप उघडायची गाडी घेणं म्हणजे राजापुरात स्वेटरचं दुकान काढणं' हे त्याचं वाक्य आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलंय. त्यामुळे डिकीत तळं झाल्याचं मी घरी चार दिवस सांगितलंच नाही. गुपचूप जुन्या टॉवेलने पाणी उपसायचे, मोरीत पिळायचे. गाडीला कुबट वास यायला लागला तेव्हा प्रकरण फुटलं.

पहिल्या गॅरेजने डिकीच्या झाकणाचं रबर बदललं, पैसे घेतले. पुढच्या पावसात पुन्हा डुबुक. दुसऱ्याने सगळा मागचा भाग उघडून बघायचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या निम्म्या किमतीइतका होता. मग मी स्वतःच शेरलॉक होम्स झाले. डाव्या मागच्या दिव्याच्या आतल्या बाजूला एक थेंब लोंबकळत असायचा. झालं! सापडला चोर! सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दिव्याच्या भोवती केकवर आयसिंग करावं तसं थापलं. (व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन कधी वापरू नका. ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढायला मदतच होते. हे मला नंतर कळलं.) थेंब थांबला. पाणी नाही थांबलं.

नवरा म्हणाला, वीक. मी म्हटलं, बघू.

याच सुमारास, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, आप्पा आले. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा गावी एकटेच. वय अठ्ठ्याहत्तर. त्याच्या दोन वर्षं आधी गणपतीच्या दिवसात बाजारात पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत शेजारच्या काकूंनी डबा दिला आणि आम्हाला कळवलं ते प्लास्टर निघाल्यावर. मी तेव्हा फोनवर खूप ओरडले होते. त्यानंतर दोन वर्षं माझं 'इकडे या' आणि त्यांचं 'बघू' चालू होतं.

आले खरे, पण करणार काय? मराठी बातम्या, दोन वेळा चालणं, आणि उरलेला वेळ खिडकीशी बसून पाऊस बघणं. राजापूरकडच्या माणसाला इथला पाऊस म्हणजे चेष्टाच वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इथे आठ-नऊशे. पण आमच्याकडचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. आप्पा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हा पाऊस नव्हे गो, ही सर्दी."

एका शनिवारी मी डिकीत डोकं घालून पाणी उपसत होते. आप्पा छत्री घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग टपाकडे बघून म्हणाले, "हिची पन्हळ कुठाय?"

"आप्पा, गाडीला पन्हळ नसते."

"एवढं कापडी छप्पर आहे, त्यावर पडलेलं पाणी जातं कुठे मग? हवेत?"

मला उत्तर देता येईना. घरात जाऊन गाडीचं जाडजूड माहितीपुस्तक काढलं, आणि बघते तर पन्हळ होती! टपाच्या मागच्या कडेखाली, सीटच्या मागे, रबराची एक पन्हळ आडवी जाते. टपावरून ओघळलेलं पाणी तिच्यात उतरतं. तिच्या दोन्ही टोकांना भोकं, भोकांना नळ्या, आणि त्या नळ्या मागच्या चाकांच्या थोडं पुढे गाडीखाली पाणी सोडतात. म्हणजे टपाच्या गाडीत पाणी मुळात येऊच द्यायचं नाही अशी रचनाच नसते. ते येणार हे धरून चाललेले असतात, फक्त त्याला बाहेर जायची वाट करून दिलेली असते. तीन वर्षं गाडी वापरून हे मला माहीत नव्हतं.

आप्पांना मात्र आश्चर्य वाटलं नाही. आमच्या गावच्या घराला दोन पाख्यांच्या मधे एक पन्हळ आहे. मे महिन्यात शाकारणी व्हायची तेव्हा आप्पा स्वतः वर चढायचे. गडी कौलं काढून झाडणार, फुटकी बदलणार, पण पन्हळ साफ करायची ती आप्पांनीच. आंब्याचा पाचोळा, शेवाळ, माकडांनी फोडलेल्या कौलांचे तुकडे असं घमेलंभर निघायचं. आई खालून ओरडायची, "अहो, उतरा आता!" आणि आम्ही दोघं भावंडं शिडी धरून उभी.

त्या दिवसापासून आप्पा कामाला लागले. खिडकी सुटली. :)

त्यांची पद्धत लिहून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर. आधी सगळं पाणी उपसलं. आमच्या गाडीत बॅटरी डिकीतच आहे, म्हणून तिची वायर सोडली, ऋण टोक आधी. गालिचा, अस्तर, स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर. नुसता पत्रा उघडा पडला तो दोन दिवस वाळवला. मग झाकणाचं रबर तपासलं. वर्तमानपत्राची पट्टी मधे ठेवून झाकण बंद करायचं आणि पट्टी ओढायची. अडखळत आली तर रबर घट्ट बसतंय, सुळकन आली तर तिथे फट आहे. सगळीकडे अडखळली. म्हणजे पहिल्या गॅरेजने बदललेलं रबर चांगलं होतं, फक्त गरज नव्हती.

मग आप्पांनी दिवाळीची उरलेली रांगोळी मागितली. डिकीच्या आत, प्रत्येक सांध्याखाली, दिव्यांच्या खाली, चाकाच्या फुगवट्यावर चिमटीने रांगोळीच्या रेघा ओढल्या. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रेघा. चिरंजीव (वय बारा) म्हणाला, "मी आत बसतो टॉर्च घेऊन, तुम्ही झाकण लावा!" त्याला आप्पांनी असं काही बघितलं की तो विषय तिथेच संपला.

मी नळी आणायला निघाले तर म्हणाले, "नळी नको, झारी आण. नळीच्या जोराने पाणी कुठेही शिरेल. पावसाला एवढा जोर असतो का?" आणि सुरुवात खालून. आधी दिव्यांवर पाच मिनिटं, मग थांबून आत बघायचं. मग झाकणाच्या कडेवर पाच मिनिटं. मग अँटेनाच्या बुडाशी. सगळ्यात शेवटी टपावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

पाच-पाच मिनिटं दोघांनी नुसतं उभं राहायचं. इतका वेळ आप्पांशेजारी काही न करता मी कधी उभी होते कोण जाणे. ते डाव्या हातात टॉर्च धरून होते. उजवा दुखतो का विचारलं, तर "थंडीत थोडा" म्हणाले.

दिव्याखालची रांगोळी कोरडी. झाकणाखालची कोरडी. अँटेनाखालची कोरडी. टपावर तिसरी झारी रिकामी झाली आणि आप्पा म्हणाले, "ही बघ आली."

सीटच्या मागच्या आडव्या पत्र्याखालून, एका बोल्टच्या भोकातून, पाण्याची बारीक धार निघाली होती. चाकाच्या फुगवट्यावरच्या रांगोळीतून वाट काढत ती मागे गेली, तिथे तिला दोन फाटे फुटले. एक दिव्याच्या खिळीपाशी जाऊन थेंब होऊन लोंबला (माझा चोर!), दुसरा सरळ स्टेपनीच्या खड्ड्यात. आमची गाडी उतारावर उभी असते, तोंड घराकडे, त्यामुळे सगळं पाणी मागेच येणार. पन्हळीचं तोंड तुंबलं होतं. पाणी तिच्यात साठून काठावरून उतू जात होतं आणि बोल्टच्या भोकातून आत येत होतं.

"पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे," आप्पा म्हणाले. "आपल्या माजघरातही तसंच. गळतं पन्हळीत, आणि तुळईवरून येऊन पडतं माझ्या खाटेपाशी."

"पडतं? पडायचं म्हणा. गळायचं बंद केलं होतं ना तुम्ही?"

आप्पा टॉर्च बंद-चालू करत राहिले.

मग हळूहळू बाहेर आलं. आई गेल्यानंतर शाकारणी झालीच नव्हती. गडी मिळत नाहीत, मिळाले तर वर चढायला तयार नसतात, आणि आप्पांना स्वतःला चढवत नाही. पहिल्या वर्षी घमेलं ठेवलं. दुसऱ्या वर्षी खाट सरकवली. आणि त्या गणपतीत रात्री उठले ते ओल्या जमिनीवर पाय घसरून पडले. मनगट बाजारात मोडलंच नव्हतं. माजघरात मोडलं होतं. सकाळपर्यंत तिथेच बसून होते.

"मग बाजारात का सांगितलंत?"

"माजघरात सांगितलं असतं तर तुम्ही दोघं म्हणाला असता, घर विका."

मी काहीच बोलले नाही. कारण म्हटलं असतंच. दादाने आणि मी ते आधी एकदा म्हटलंही होतं, आईच्या वर्षश्राद्धाला, जेवणं झाल्यावर. आप्पा तेव्हा पान लावत होते. आम्हाला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. दोन वर्षं मी त्यांना फोनवर सांगत होते, बाजारात सांभाळून जा, नवी चप्पल घ्या. माझं सिलिकॉन दिव्याभोवतीच चाललं होतं.

पन्हळ त्याच दिवशी साफ केली. आप्पांना तार घालायची होती, पण तारेने आतली रबरी नळी फाटू शकते. शेवटी गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी घातली, हलक्या हाताने फिरवत. आधी काळा चिखल, मग शेजाऱ्यांच्या बर्चच्या चिमुकल्या बिया, शेवाळ, आणि एकदम 'घळळ' करून सगळं पाणी गाडीखाली. आप्पा लहान मुलासारखे वाकून बघत होते. मग बोल्ट काढून त्याखाली ब्युटिलची चिकट पट्टी बसवली. ती कडक होत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते. दिव्याभोवतीचं माझं आयसिंग खरवडायला मात्र पूर्ण रविवार गेला.

जाता जाता एक गंमत. पावसात न भिजणारं कापड याच गावात मोठं झालं. चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालायची युक्ती शोधून १८२३ साली पेटंट घेतलं आणि कारखाना काढला तो मँचेस्टरमध्ये. चांगल्या टपाचं कापड आजही तसंच असतं, दोन कापडं आणि मधे रबर. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "कापड चांगलंच आहे. पन्हळ कोण बघणार?"

आप्पा फेब्रुवारीत परत गेले. दादाला मी फोन केला तो सोपा नव्हता. त्याला वाटलं, मी त्याच्यावर ठपका ठेवतेय. पुण्यात राहून त्याला माहीत नव्हतं, हे त्यालाच जास्त लागलं होतं. दोन आठवडे आम्ही बोललो नाही. मग त्यानेच तिकिटाच्या तारखा विचारल्या. या मे महिन्यात आम्ही दोघं गावी होतो. दोन गडी मिळाले, दुप्पट मजुरी देऊन. पन्हळ साफ करायला दादा चढला, शिडी मी धरली आणि 'उतर आता' असं ओरडायचं काम आप्पांनी केलं. घर विकायचं का, हा प्रश्न सुटलेला नाही. तो आता आप्पांसमोर बोलला जातो, एवढंच.

हे सगळं आप्पांना विचारून लिहिलंय. म्हणाले, "लिही. पण तीन झाऱ्या ओतल्या ते नीट लिही, लोक एकच ओततात."

गाडी अजून आहे. पाऊस पडून गेला की मी डिकीत हात घालून बघते. कोरडी असते. रविवारी फोन झाला की आप्पा आधी विचारतात, "डिकी?" मी सांगते, कोरडी. मग मी विचारते, "माजघर?"

गेल्या रविवारी थोडे थांबले आणि म्हणाले, "तुळईपाशी एक थेंब येतोय. भांडं ठेवलंय. दादाला सांगितलंय."