लेकीच्या बोटीवर

शिडाच्या बोटीवर राहणारी माणसं येणाऱ्या पाहुण्यांना आधीच बजावून ठेवतात: एक तर जागा तुम्ही ठरवा, नाहीतर तारीख, दोन्ही ठरवू नका. वाऱ्याला परतीचं तिकीट दाखवता येत नाही. आईबाबा आमच्या बोटीवर यायचं म्हणाले तेव्हा तारीख त्यांची ठेवली आणि मुक्काम वाऱ्यावर सोपवले. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर उतरायचं आणि तिथून दक्षिणेला ग्रेनडाइन्स बेटांची जी रांग गेली आहे, तिच्या कडेकडेनं जमेल तितकं खाली जायचं, एवढंच नक्की होतं. सामान मऊ पिशवीत आणा, असं मी सांगितलं होतं. घडी न होणाऱ्या बॅगेला बोटीत जागा नसते. आईनं पिशवीत कपडे कमी आणि आलेपाक जास्त आणला होता.

डिसेंबर ते मे हा इकडचा कोरडा हंगाम. व्यापारी वारा पूर्वेकडून दिवसरात्र वाहत असतो. बेटाच्या आडोशाला पाणी गप्प असतं. टोक ओलांडलं, की आफ्रिकेपासून कुठंही न अडता आलेली अटलांटिकची लाट बोटीला कुशीवर वळवते. सेंट व्हिन्सेंट ते बेक्वे अंतर जेमतेम नऊ सागरी मैल, पण दोन बेटांमधल्या या खाडीत प्रवाह आणि वारा एकमेकांना भिडतात. आईला मळमळायला लागलं. अशा वेळी खाली केबिनमध्ये जाऊन पडावंसं वाटतं, आणि तिथंच त्रास वाढतो: डोळ्यांपुढची भिंत स्थिर असते, कानाच्या आतला तोल मात्र हलतोय म्हणून सांगत असतो. मी तिला वर बसवलं, कमरेला पट्टा बांधला, तोंडात आलेपाक दिला आणि म्हटलं, "क्षितिजावरून नजर काढू नकोस." लहानपणी गाडीत ती मला जे करायला लावायची, तेच मी तिला करायला लावत होते, आणि ती मुकाट्यानं ऐकत होती.

बाबांच्या हाती मी सुकाणूचं चाक दिलं. वाऱ्यात ‘कराल का’, ‘जमेल का’ म्हणायला वेळ नसतो. "बाबा, डावीकडे घ्या. अजून. बास." आमच्या घरात बाबांना असं कुणी कधी बोललेलं नाही. पुढचं शीड फडफडलं तसे ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आता काय करू, सांग." त्या स्वरात कमीपणा नव्हता. नवी विद्या शिकणाऱ्या माणसाची उत्सुकता होती. तासाभरात शिडाचा आवाज ऐकून चाक कुठं वळवायचं ते त्यांना कळू लागलं, आणि मी तोंड मिटलं.

बेक्वेवर नदी नाही. घराघराच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात आणि वर्षभर पुरवतात. आमची टाकीही पोटात सामावेल एवढंच पाणी घेते. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. वैशाखात तळाला गेलेली विहीर तिनं पाहिलेली आहे. तिनं न विचारता पाण्याचा कारभार हाती घेतला. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचं विसळणं तेवढं गोड्या पाण्यात. त्या टाकीला आमच्या राज्यात इतकी शिस्त कधीच नव्हती.

तिथल्याच बाजारात ती एका टोपलीपाशी थबकली. "अगं, हा नीरफणस!" हे झाड इथलं नव्हे. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खायला घालावं म्हणून इंग्रजांनी ते ताहितीहून आणवलं. कॅप्टन ब्लायची पहिली खेप 1789 मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडात बुडाली, दुसऱ्या खेपेची रोपं 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या किंग्जटाउनला पोचली. आज विस्तवावर भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी हे सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडाइन्स या देशाचं राष्ट्रीय जेवण आहे. मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "झाडाचा काय दोष? ज्यांच्यासाठी आणलं त्यांनी त्याला आपलंसं केलं." संध्याकाळी तिनं झुलत्या शेगडीवर रव्यात घोळवून कापं तळली. बोट हलली, की शेगडी उलट झुलून तवा सपाट राखते. त्या यंत्रावर तिचा पहिल्या घाण्यातच विश्वास बसला.

वारा साथीला राहिला म्हणून टोबॅगो कीजपर्यंत पोचलो. पाच निर्जन बेटं आणि त्यांतल्या चारांच्या पूर्वेला घोड्याच्या नालासारखा वाकलेला प्रवाळाचा बांध. बांधापलीकडे थेट महासागर. प्रवाळ लाट अडवतो, वाऱ्याला अडवत नाही. त्यामुळे पाणी सपाट आणि शिडाच्या दोऱ्या रात्रभर शीळ घालणाऱ्या. बॅरडाल बेटालगत हिरवी कासवं समुद्रगवत चरतात. बाबा पाण्यावर उपडे तरंगत त्यांच्याकडे बघत राहिले. रात्री मात्र ते कुणी न सांगता उठायचे, किनाऱ्यावरच्या ठरवलेल्या दोन खुणा जागच्या जागी आहेत ना, नांगर घसरला तर नाही ना, ते बघायचे आणि मगच झोपायचे. गावाकडे दाराची कडी तपासणारा हात इथं नांगराच्या साखळीवर होता.

पाहुण्याला इकडची काडी तिकडे करू देऊ नये, असं आपल्याकडे मानतात. बोटीवर ते जमत नाही. जागा एवढीशी, पाणी मोजकं, वारा जोरकस. जो चढला त्याच्या वाट्याला काम येतंच. मला आधी याचा संकोच वाटायचा. आईबाबा परत गेल्यावर कळलं, की मी त्यांना दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. उतारवयात आईबापांना आराम द्यावा, हे खरंच. पण आरामाबरोबर हळूहळू त्यांच्या हातून एकेक काम निघून जातं, आणि घरात त्यांच्यावाचून कुणाचं अडेनासं होतं. बाबांनी चाक धरलं होतं तेव्हा आमचं त्यांच्यावाचून अडत होतं. आई पाणी राखत होती म्हणून आम्ही पुढचं बेट गाठू शकलो. ज्यांचं आपल्यावर प्रेम आहे, त्यांना आपल्या आयुष्याचा खरा भार उचलू द्यावा. ते नुसतं बघायला येत नाहीत. सोबत यायला येतात.