उत्तरपत्रिका दाखवा

इंदूर शहरातल्या जुनी इंदूर भागापासून फार लांब नाही मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय. डिसेंबर 2024 मध्ये शेकडो मुलंमुली थंडीत रात्रंदिवस तिथे बसली. त्यांच्या मागण्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही: 2019च्या मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवा. मुलांनी फक्त अभ्यास करावा म्हणणारे व्यापमं परीक्षा घोटाळा विसरतात. 2013 मध्ये याच शहरात तोतया परीक्षार्थी पकडले गेले. तोवर कितीतरी प्रामाणिक मुलांच्या जागा गेल्याच होत्या. गोपनीयतेचा आक्षेप खरा, पण तपासनिसाचं नाव झाकता येतं. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलं. 2018 मध्ये मात्र त्याच न्यायालयानं नागरी सेवा परीक्षांपुरता हात आखडता घेतला. म्हणूनच आयोगानं उत्तरपत्रिका आपणहून दाखवायला हवी, आणि तोवर मुलांनी मागत राहायला हवी.