खेळात पैसा आला, बरं झालं

सोलापूर

ती. काकांना,


तुमचं पत्र पोचलं. खेळाचा बाजार झाला आणि कलेनंही शेजारी दुकान थाटलं, ही तुमची तक्रार घरात मोठ्यानं वाचली गेली. आजीनं मान डोलावली. पण काका, या सोवळ्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

1912 ते 1948 या काळात ऑलिंपिकमध्ये चित्र, शिल्प, संगीत, साहित्य आणि वास्तुकलेलाही पदकं होती. 1912 साली स्टॉकहोमला साहित्याचं सुवर्ण मिळालं ते खेळाची थोरवी गाणाऱ्या एका रचनेला. टोपणनावं घेऊन ती लिहिणारे होते खुद्द पिएर द कुबर्तँ, म्हणजे आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारेच! पुढे ही पदकं बंद झाली. कारण काय, तर कलावंत कामाचे पैसे घेतात, ते हौशी नव्हेत. आज त्याच ऑलिंपिकमध्ये कोट्यधीश टेनिसपटू उतरतात आणि कुणाची भुवईही उंचावत नाही.

हा नियम लावला तर आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन दारातूनच परत. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरलं होतं.

क्रिकेटपटू पॉली उम्रीगर तर सोलापुरातच जन्मले, 1926 साली. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय. 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा काढल्या. कसोटीतलं भारतीयाचं ते पहिलं द्विशतक. पण त्या काळी निव्वळ क्रिकेटवर घर चालत नसे. घरचं बरं असलेला किंवा नोकरी मिळालेलाच टिकायचा. तुमच्या त्या निर्मळ खेळाचं फाटक असं अरुंद होतं.

आता जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे घ्या. मैदानी खेळांतून क्रिकेटकडे वळलेली. एप्रिल 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद 162 धावा कुटल्या. ट्वेंटी-20 त दीडशे ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरूनसुद्धा! 2023 मध्ये ती महिला प्रीमियर लीगमध्ये उतरली तेव्हा बॅटवर एकाही कंपनीचं नाव नव्हतं. तिनं धोनीची आद्याक्षरं आणि 07 हा आकडा स्वतःच लिहिला होता. त्या लीगच्या लिलावात यूपी वॉरियर्झनं तिला 30 लाखांना घेतलं होतं. तुम्ही नावं ठेवता तो बाजार हाच.

मग कलेला काय उरलं? त्याचं उत्तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी मार्च 2022 मध्ये दिलं. ‘झुंड’ हा नागपूरच्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांत उभ्या केलेल्या फुटबॉलवरचा सिनेमा. पूर्वार्धात चेंडू पळतो. उत्तरार्धात पळापळ आहे ती पासपोर्टसाठी. परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं हातात आहे, पण आपण कोण हे सांगणारा कागद नाही. धावफलकावर अशांची नोंद होत नाही, लिलावातही त्यांचं नाव पुकारलं जात नाही. खेळाडूचा जयजयकार करायला आता जाहिराती पुरेशा आहेत. फाटकाबाहेर कोण राहिलं ते दाखवणं हे कलेचं काम, आणि मंजुळे ते चोख करतात.

तुम्ही मंजुळ्यांचा ‘सैराट’ दोनदा पाहिलात, ‘झुंड’ राहूनच गेला. दिवाळीला इकडे याल तेव्हा आपण तो लावू. मध्यंतरात मात्र उठायचं नाही.

तुमचा,
अविनाश