विरारचे पेन्शनर

सीझर, टायगर, सुलतान आणि मॅक्स. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले हे चार लॅब्रडॉर 26/11 च्या हल्ल्यावेळी कामावर होते. अतिरेक्यांनी सीएसटी स्थानकात मागे ठेवलेले हातबॉम्ब सीझरने हुंगून काढले.

लॅब्रडॉर तसा खादाड, लाडोबा. पण नाक तल्लख आणि गर्दीला न बुजणारा, म्हणून या कामाला पसंतीचा. स्फोटकाचा वास लागला की भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. गुपचूप खाली बसायचं. बक्षीस काय, तर चेंडू नाहीतर खाऊ! एवढ्या पगारात असला धोका पत्करणारा दुसरा कर्मचारी मिळणं अवघडच.

निवृत्तीनंतर चौघं विरारच्या एका फार्मवर राहायला गेले. 2016 मध्ये तिघं पाठोपाठ गेले. एकटा उरलेला सीझर खचला; ऑक्टोबरमध्ये तोही गेला. असा म्हातारा शिपाई घरी आणणाऱ्याने सांध्यांच्या औषधपाण्याची तयारी ठेवावी, आणि जमलं तर जोडीच न्यावी.