पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्ही नेहमी दुसऱ्यांसाठीच वापरीत आलो. मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात आमच्याही अकरा बदल्या झाल्या. दर खेपेस ट्रंका बांधल्या, शासकीय निवासाच्या भिंतींतले खिळे उपटले. तरीही आपण बिऱ्हाडकरू आहोत असे मनाला कधी शिवले नाही, कारण इंदूरचा वाडा जागच्या जागी उभा होता. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि तिच्यामागोमाग आमचे पूर्वज दप्तराचे गाठोडे घेऊन आले, असे घरात सांगत. त्या वाड्याच्या भरवशावर आम्ही कोठेही निर्धास्त राहिलो.

सन २०२४ च्या उन्हाळ्यात चिरंजीवाने आम्हां उभयतांना अमेरिकेत बोलावले. तो व सूनबाई कोलोराडो राज्यात नोकरी करतात. दोघांनी दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती, आणि ती डोंगरांत सायकली चालविण्यासाठी! त्यांपैकी पाच आठवडे आम्ही त्यांच्या सोबत होतो.

‘ट्रक कॅम्पर’ म्हणजे मालट्रक नव्हे. मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी असते व त्या हौद्यात एक तयार खोली बसविलेली असते. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक. ते खाली सोडून खोली उचलली की गाडी तिच्याखालून निघून जाते आणि खोली चार पायांवर उभी राहते. चालकाच्या टपावर पुढे आलेला भाग म्हणजे शयनगृह. तेथे उठून बसावे तर डोके छताला लागते. तो मान आम्हांस मिळाला. मुले बाहेर तंबूत निजत. दोन शेगड्या, लहानसा फ्रीज, टपावर सौरपट्टी आणि पाण्याची शंभर लिटरची टाकी. सांडपाणी निराळ्या टाकीत साठते व ते नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामे करावे लागते. चौघांना तेवढे पाणी दोन दिवस पुरवायचे म्हणजे काय, हे सौ.ला सांगावे लागले नाही. इंदुरात नर्मदेचे पाणी नळाला येण्यापूर्वीचे दिवस तिने पाहिले आहेत. खरकटे आधी कागदाने पुसायचे व मग भांडे धुवायचे, हा नियम तिनेच घालून दिला.

प्रथम युटा राज्यातील मोॲब येथे गेलो. १९५० च्या दशकात युरेनियमच्या खाणींनी हे गाव भरभराटले. आता ते सायकलवाल्यांचे क्षेत्र झाले आहे. तेथील ‘स्लिकरॉक’ ही वाट १९६९ साली मुळात मोटारसायकलींसाठी आखली गेली. वाट कसली, उघडा वालुकाश्मच तो! दगडावर रंगविलेल्या पांढऱ्या रेघांच्या मागोमाग जायचे. नाल ठोकलेले घोडे या दगडावरून घसरत, म्हणून हे नाव पडले. गंमत अशी की सायकलीच्या रबरी चाकांना तोच दगड घट्ट धरून ठेवतो. जूनमध्ये तेथील ऊन आपल्या निमाडची आठवण करून देणारे. मुले पहाटे निघत व दहाच्या आत परतत. तोवर आम्ही दोघे गाडीच्या सावलीत खुर्च्या टाकून वाट पाहत बसत असू.

उन्हाने हटविल्यावर कोलोराडोतील क्रेस्टेड ब्यूट गाठले. सुमारे ८,९०० फूट उंचीवरचे हे कोळशाच्या खाणींचे गाव. मोठी खाण १९५२ साली बंद पडली. पुढे १९७६ मध्ये येथल्या काही मंडळींनी जुन्या, जड सायकली घेऊन १२,७०० फुटांवरची पर्ल खिंड ओलांडली व ॲस्पेन गाठले. डोंगरातील सायकलस्वारीच्या इतिहासात त्या सफरीचे नाव आदराने घेतात. तेथील एका सोप्या, नदीकाठच्या वाटेवर आम्हीही सायकल चालविली. नायब तहसीलदारीच्या काळात पटवाऱ्याच्या सायकलीवरून शेताचे बांध पालथे घातले होते, ते कामी आले. दम लागे तो उंचीमुळे, असे आम्ही सर्वांस सांगितले.

महसूल खात्याच्या माणसाला कोठेही गेले तरी एकच प्रश्न पडतो : जमीन कोणाची? वाटेत ज्या माळांवर आम्ही मुक्काम करीत होतो, त्यांपैकी बरीच जमीन संघशासनाची होती. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एकाच खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी कोणीही विनाशुल्क राहावे, मात्र साधारणतः चौदा दिवसांनी उठावे. चरनोईवरील अतिक्रमणे हटविण्यात ज्यांची उमेद गेली, त्या आम्हांस ही व्यवस्था हेवा वाटण्याजोगी वाटली. परंतु खसऱ्याची मागची पाने उलटण्याची सवय सुटत नाही. पश्चिम कोलोराडोतील या भूमीचे जुने धनी यूट लोक. त्यांतील मोठ्या गटाला १८८१ साली येथून युटातील राखीव प्रदेशात हलविण्यात आले. ‘सर्वांची जमीन’ या नोंदीखाली कोणाचे नाव कमी केले गेले आहे, हेही वाचावे लागते.

तेथेच एका संध्याकाळी वाड्याचा विषय निघाला. वाड्यात आता आमचा पुतण्या राहतो. छत गळते आहे, मागची भिंत फुगली आहे. दुरुस्तीला कर्ज हवे, तर सर्व हिस्सेदारांची हक्कत्यागपत्रे हवीत. इतरांनी सह्या दिल्या होत्या. आमची राहिली होती, चिरंजीवासाठी.

“बाबा, सही द्या,” तो म्हणाला. “दादा तिथे राहतो, घर त्याचंच आहे. वर्षातून पंधरा दिवस कुलूप उघडण्यापुरता हिस्सा मला नको.”

दोन शतकांचा हिशेब तीन वाक्यांत मिटला. आम्ही काही बोललो नाही. सौ.ने मात्र विचारले, “अरे, आणि देव?”

“देव मला दे, आई,” तो चटकन म्हणाला. “ते मी सांभाळीन.”

आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. तळहातात मावेल एवढा. पूर्वजांनी तो दप्तराच्या गाठोड्यातून आणला, असे सांगतात. म्हणजे वाडा बांधला जाण्यापूर्वी आमच्या घराण्याचे जे काही होते, ते पाठीवरच मावणारे होते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पण वाड्याच्या जाड भिंतींआड ते दिसेनासे झाले होते.

परतल्यावर आम्ही सही दिली. निबंधक कार्यालयात लेखणी उचलताना हात जड झाला, हे लपविण्याचे कारण नाही. वाड्याच्या छताचे काम पुतण्याने पावसाळ्यापूर्वी उरकले. दिवाळीला चिरंजीव आला, तेव्हा सौ.ने टाक रेशमी वस्त्रात गुंडाळून त्याच्या हाती दिला. देवघरातील रिकाम्या जागेवर पुतण्याच्या धाकट्या मुलीने एक पणती ठेवली आहे. ती रोज लावते.