भाकरीतला मासा

मुलांनो, सुरत-धुळे महामार्गावर, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात विसरवाडी नावाचं गाव आहे. समुद्र इथून खूप लांब. पण ताजा मासा मिळतो बरं का! कसा, ते सांगते.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन मी नवापूरला निघाले होते. विसरवाडीला भूक लागली. रस्त्याच्या कडेला कुडाची झोपडी, पुढे चूल आणि एक बाकडं. पाटीसुद्धा नाही!

"मावशी, इथं नको," भाचीने नाक मुरडलं. मलाही शंका आलीच. पण तव्यावरच्या माशाचा वास आला आणि पाय थबकले.

आजींनी हळद-तिखट लावून तळलेला रोहूचा तुकडा घेतला, काटे काढले, ज्वारीच्या गरम भाकरीवर ठेवला, वर कच्चा कांदा घातला आणि भाकरी दुमडून हातात दिली.

"अय्या, हे तर सँडविच!" भाची ओरडली. एक संपवून तिने लगेच दुसरं मागितलं.

"आजी, मासे कुठले हो?" मी विचारलं.

"उकाईचे."

तापी नदीवरचं उकाई धरण गुजरातमध्ये आहे. ते १९७२ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत पसरलेलं आहे.

"आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे, बाई," आजी तव्याकडे बघत म्हणाल्या. "शेत गेलं. आता पोरगा तिथंच जाळं टाकतो."

भाचीचा घास हातातच राहिला. मग तिने भाकरीचा कणही टाकला नाही.

प्रवासात तुम्हीही विचारा हं, ताटातलं कुठून आलं!